पाचपैकी पाच आणि अक्कांचा हंडा

सोमवारी दुपारी भांडी घासत होते, तर दारात एक मुलगी उभी. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. म्हणाली, "काकू, गावातल्या सोयींना पाचपैकी मार्क द्यायचेत. पाणी, गटार, दिवे, घंटागाडी..."

मला हसूच आलं. आजवर मार्क फक्त घेतलेत, तेही मॅट्रिकला काठावर. द्यायची वेळ पहिल्यांदाच आली.

पण अडचण वेगळीच होती... दर चातुर्मासात मी वांगं सोडते. खानदेशात राहून चार महिने भरताशिवाय काढणं म्हणजे काय, ते इथल्यांनाच माहीत. यंदा मात्र नेम धरला, की कोणाला नावं ठेवायची नाहीत. वांगं परवडलं, असं रोज वाटतं.

"पाण्याला दोन" म्हणायला तोंड उघडलं आणि पाणी सोडणारे वॉलमन भाऊ डोळ्यांपुढे आले. उन्हातान्हात सायकलवर येतात, व्हॉल्व्ह उघडतात, आमच्या ओट्यावर तांब्याभर पाणी पिऊन जातात. त्यांना दोन देणं म्हणजे नावं ठेवणंच की... सांगून टाकलं, पाच!

मग गटारावर तरी अन्याय कशाला? पाच. दिव्यांनाही पाच. भर दुपारी चालू असतात, पण चालू असतात ना... मुलीने दोनदा विचारलं, "नक्की, काकू?" मी मान डोलावली.

संध्याकाळी अक्का आल्या. त्यांचं घर आमच्या गल्लीच्या अगदी टोकाला. नळ येतो चार दिवसांआड, पण त्यांच्यापर्यंत धार पोचतच नाही. दुखरे गुडघे सांभाळत आमच्याकडून हंडे भरून नेतात.

त्यांना शेजाऱ्यांकडून माझे पाच कळले होते आणि हेही, की ज्या गल्लीचे मार्क कमी, तिथली पाइपलाइन आधी बदलणार. "आन तू पाच दिन्हात?" मी नेमाचं सांगू लागले, तर म्हणाल्या, "तुनं पुण्य तुले, मना हंडा माले!" आणि पाणी न घेताच गेल्या.

आमचे हे म्हणाले, "बोर्डाचे पेपर तुझ्याकडे तपासायला द्यायला हवेत. सगळा जिल्हा पास!" मला काही हसू आलं नाही. खरं बोलणं कुठे संपतं आणि नावं ठेवणं कुठे सुरू होतं? पोथी उघडून बसले... पोथीत पाइपलाइनबद्दल काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी गल्लीतच होती. मी खिळ्यावरचं कॅलेंडर काढून तिच्यामागे धावले. नळ ज्या दिवशी येतो, त्या चौकोनात खूण करायची माझी जुनी सवय. म्हटलं, "बाई, मी चुकले. हे बघ आणि काय ते लिही."

"काकू, भरलेला फॉर्म आता बदलता येत नाही..." पण अक्कांचा फॉर्म बाकी होता. मी तिच्याबरोबर गेले आणि दाराशी थांबले.

"आजी, पाण्याला किती मार्क?"

अक्का म्हणाल्या, "तीन लिख."

मुलगी गोंधळली. "आजी, पाणी येतं का तुमच्याकडे?"

"थेंब येत नही."

"मग तीन कशाचे?"

"तो बिचारा टाइमवर येस ना सायकलवर... त्याना."

काल मला सुनावून गेल्या, त्या याच अक्का! मुलगी शांतपणे म्हणाली, "आजी, मार्क माणसाला नाहीत. तुमच्या नळाला आहेत."

"असं शे का? मंग शून्य लिख. पण त्यानं नाव नको लिखू हं."

मुलीने शून्य लिहिलं आणि माझ्या कॅलेंडरचा फोटो काढून त्या फॉर्मला जोडला. माझ्या पाचांनी गल्लीचं किती नुकसान झालं, पाइप बदलणार की नाही... तिलाही सांगता आलं नाही. आणि माझा नेम मोडला की राहिला, ते मला कळेना.

आज नळ आला. घरातलं एक भांडंही न भरता आधी दोन हंडे अक्कांकडे नेऊन दिले. पाइप येईपर्यंत नेणार आहे, दुसरं काय सुचणार?

अक्कांनी हंड्यात डोकावून पाहिलं. "काठोकाठ भरत जाय वं माय... अर्धं तं रस्तामाच सांडस."

बोलल्या माझ्याशी... फार बरं वाटलं. बाकीचं, नेम मोडला की राहिला ते, अजून डोक्यात शिरलेलं नाही.