खोलीवाले अण्णा

स्क्रीनवर कंसात दिसणारं गावाचं नाव मोठ्यानं वाचल्याशिवाय अण्णा की-बोर्डला हात लावत नसत. "कागल. बरं, कागलात हाय मी," असं म्हणून मगच टायपिंग सुरू. आम्ही मागं बसून त्यांची नक्कल करायचो.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरातल्या आमच्या चार टेबलांच्या ऑफिसात दूध संस्थांसाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिले जात. अण्णा आमच्यात सगळ्यांत वडील. प्रत्येक संस्थेच्या प्रोग्रॅमला त्यांनी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे सर्व्हरवरचा वेगळा कप्पा, दिलेलं. त्याला ते खोली म्हणत आणि खोलीला गावाचं नाव देत; ज्या खोलीत काम चालू, तिचं नाव स्क्रीनवर कंसात दिसे. खोलीनं सर्व्हरवरच्या सामायिक लायब्ररी, म्हणजे सगळ्यांसाठी ठेवलेला तयार कोड, वापरायच्या नाहीत, लागेल ते स्वतः उतरवून घ्यायचं, अशी त्यांची सेटिंग. आमच्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर त्यात दोन तास जात. मी कुरकुरलो की म्हणत, "जाऊ दे की येळ. एका गावात बदल केला, तर दुसऱ्याला कळाय नको."

एका शनिवारी मलकापूरची खोली बनवायला लावून अण्णा घरी गेले. झाली की त्यांच्या टेबलावरचं मशिन बंद करायचं, एवढंच माझं काम. मला मॅच बघायची होती. मी ते थांबवलं, सेटिंग उलटी केली आणि पाच मिनिटांत खोली उभी करून निघालो.

दोन महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी सामायिक लायब्ररी बदलली आणि मलकापुरात सकाळच्या दुधाच्या पावत्या निघेनात. लोक कॅन घेऊन ताटकळले. मालकांनी विचारलं, "ही खोली कुणी केली?"

"मीच," अण्णा म्हणाले. "पर सेटिंग अशी कशी केली, ध्यानातच येत न्हाई." मग माझ्याकडं वळले. "तुला काय आठवतंय का रं?"

"न्हाई, अण्णा," मी म्हणालो.

मालक फार बोलले नाहीत. पण अण्णांचा स्वतःवरचा विश्वास गेला. कंसातलं गाव ते तीन-तीनदा वाचू लागले, आपलं काम मला तपासायला देऊ लागले. "डोकं चालंना आता," म्हणत दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली. जाताना मालकांना सांगितलं, "ह्याच्याकडं द्या सगळं. पोराचं ध्यान चांगलं हाय." मी त्यांच्या खुर्चीत बसलो. लाज वाटली, तरी बसलोच.

पुढं एकदा कागलला त्यांच्या घरी गेलो. अण्णा म्हशीला वैरण टाकत होते. "डॉक्टर म्हणतोय, डोकं ठणठणीत हाय," ते हसून म्हणाले. मग हात पुसत जवळ येऊन बसले. "मग मलकापूरचं तसं कसं झालं असंल रं?"

"होतं कधीकधी, अण्णा," मी म्हणालो, आणि काकूंनी आणलेला चहा घेतला.