तीर्थालाही वजन असतं

डायलिसिस सेंटरमध्ये किस्से फार साठतात. साठणारच हो! चार तास माणसाचा हात मशीनला जोडलेला, पण तोंड मोकळं. आठवड्यातून तीन दिवस तेच चेहरे, तेच बेड, तीच खिडकी. पेशंटच्या अंगात साठलेलं पाणी काढायचं मशीन माझ्याकडे आहे, माझ्या डोक्यात साठलेले किस्से काढायचं कुठे मिळतं ते कुणी सांगावं. तोवर तुमच्यासारख्यांना गाठून ऐकवते.

मी कोपरखैरण्याच्या एका छोट्या सेंटरला टेक्निशियन. सुया टोचते, मशीन लावते आणि बीपी बघते. सगळ्यात जास्त काय करत असेन तर ओरडते! आणि हो, मी देव मानत नाही. बाबा शाळामास्तर, त्यांनी घरात देव्हारा ठेवला नाही. मी वजनकाटा मानते.

काटा का, ते सांगते. किडनी बंद पडली की लघवी होत नाही. प्यालेलं पाणी अंगातच राहतं. म्हणून पेशंट आला की आधी काट्यावर उभा करायचा. मागच्या वेळेपेक्षा जेवढं वजन जास्त, तेवढं तो प्यायलाय. काट्यापुढे वकिली चालत नाही.

आणि वार चुकवायचा नाही. मंगळ, गुरू, शनी. एक वार चुकला की पाणी छातीत चढतं. दोन चुकले की आम्ही घरी फोन करतो. तीन चुकले की तो फोन घरातलं दुसरंच कुणीतरी उचलतं. असे फोन मी केलेत. म्हणून सकाळी सातच्या बॅचला बेड रिकामा दिसला की मी आधी फोनकडे धावते.

*

एक नंबर बेड सुमनताईंचा. मूळच्या साताऱ्याच्या, नवरा मार्केटात माथाडी कामगार. गणपतीतली गोष्ट. काट्यावर उभ्या राहिल्या, साडेतीन किलो जास्त!

"ताई, दोन दिवसांत काय विहीर प्यालात?"

"न्हाई वो बाई. पाण्याला शिवले न्हाई म्या. नुसतं तीर्थ घेतलं. नऊ घरचं गणपती, नऊ घरचं पळी पळी तीर्थ. न्हाई कसं म्हनायचं?"

"नऊ पळ्यांनी साडेतीन किलो?"

ताईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "आन् नऊ घरचा चा."

त्या दिवशी मी त्यांना असलं झापलं की शेजारचे पेशंटसुद्धा सरळ झाले. तीर्थ असो नाहीतर चहा, काट्याला फरक कळत नाही, अंगात गेलं की ते पाणीच! पुढच्या वर्षी गणपतीत पुन्हा हाच घोळ होणार म्हणून मी आधीच आवाज चढवला, तर ताई शांतपणे काट्यावर चढल्या. वजन बरोब्बर.

"तीर्थ घेतलं नाही?"

"घेतलं की. डोळ्याला लावलं. डोळं काय पीत न्हाईत!"

*

आता दोन नंबर बेड. प्रधान साहेब, नेरूळचे, रिटायर्ड इंजिनिअर. आमच्या पक्षाचा माणूस! म्हणजे नास्तिक. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, इथे आपण दोघंच शहाणे." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

डायलिसिसच्या पेशंटच्या हातात एक शीर आणि एक रोहिणी जोडून देतात. तिला फिस्टुला म्हणतात. सुया तिथेच टोचायच्या. आत रक्त जोरात धावतं, त्याची गुणगुण हाताला लागते, कान लावला तर ऐकू येते. ती गुणगुण रोज तपासायची. थांबली तर आत रक्ताची गाठ झाली समजायचं आणि पळत यायचं. मी सगळ्यांना हे सांगून सांगून थकले.

सुमनताई रोज आंघोळ झाली की दंडाला कान लावून बसतात. म्हणतात, हात नाव घेतोय. मी समजावलं, "ताई, रक्त जोरात जातं म्हणून आवाज येतो."

"व्हय की. पर जाताना नाव कुनाचं घेतंय?"

मी नाद सोडला. पण एका रविवारी सकाळीच फोन आला. ताई रडत होत्या. "बाई, नाव थांबलं वो!" मी म्हटलं, आहात तशा हॉस्पिटलला निघा, मीही येते. दोन तासांत डॉक्टरांनी गाठ काढली. हात वाचला.

त्याच वर्षी प्रधान साहेबांचीही गुणगुण थांबली. कधी थांबली? त्यांना माहीत नव्हतं! मंगळवारी मी हात लावला तेव्हा कळलं. फिस्टुला गेलाच, मानेत नळी घालावी लागली. मी विचारलं, "साहेब, रोज बघत नव्हतात?" तर म्हणे, "रोज रोज काय बघायचं? टेक्निकली सगळं ओके होतं." वर आठ दिवसांनी काट्यावर दोन किलो जास्त. फोनवर कुणीतरी किडनीसाठी दुधी-कोथिंबिरीचा ज्यूस फॉरवर्ड केला होता! देवावर विश्वास नाही, पण दुधीवर आहे. आमच्याच पक्षाचा माणूस, मला तोंड लपवायला जागा नाही राहिली.

*

रमजानचा किस्सा. अन्सारी चाचाही आमच्याच बॅचला असतात. आयुष्यात कधी रोजा चुकवला नव्हता, आणि आता डॉक्टरांनी मनाई केलेली. महिनाभर चाचांचा चेहरा उतरलेला असायचा. शेवटी त्यांनी मौलानांना विचारलं. मौलाना म्हणाले, आजारी माणसाला सूट आहे, रोज्याच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घाला.

दुसऱ्या शनिवारी चाचा भला मोठा डबा घेऊन आले. बिर्याणी! माझ्यासमोर ठेवला.

"चाचा, हे तर गरिबाला द्यायचं ना?"

"हां बेटा. मैंने इधर के स्टाफ की पगार पूछी थी."

मी डबा उघडला आणि अगदी धर्म म्हणून जेवले.

*

तीन नंबर बेड भोईर दादांचा. घणसोली गावातले आगरी, गावठाणात चार भाड्याच्या खोल्या. तरुणपणी खाडीत जाळं टाकायचे. मी त्यांना दादा म्हणते, ते मला बाय म्हणतात. दादांनी एकदा फिस्टुलाच्या हातालाच काळा गंडा बांधून आणला, तोही करकचून! तिथलं रक्त अडलं तर फिस्टुलाच जातो, म्हणून मी कात्री काढली. दादांनी हात मागे घेतला. मी पुढे, ते मागे. बीपी दोघांचंही वाढलं.

शेवटी त्यांनी गंडा देणाऱ्या भगताला फोन लावला, स्पीकरवर. अख्खा वॉर्ड कान देऊन ऐकतोय. मला वाटलं, आता हा मला शाप देणार. भगत म्हणाला, "सुई लावतान तो हात मशीनचा. गंडा दुसऱ्या हाताला बांद. आन त्या बायला सांग, कापू नको, सोड."

कापू नको, सोड. एवढंच म्हणणं होतं! ती गाठ सोडायला मला दहा मिनिटं लागली, एक नख तुटलं. पण दादांनी परत कधी हात मागे घेतला नाही.

प्रधान साहेबांना हे बघवेना. त्यांनी दादांना पकडलं. "भोईर, देव तुम्ही डोळ्यांनी बघितलाय का?"

दादांनी उलट विचारलं, "साहेब, ता रगतातला पोटॅशियम तुमी कवा डोल्यांनी बगला काय?"

"बघायचं काय त्यात? रिपोर्टमध्ये येतं ना!"

"मंग आमचा बी रिपोर्ट येल. जरा उशिरा येल."

*

मला विचाराल तर, आमच्याकडे सगळंच मापात चालतं. पाणी मापात, मीठ मापात, केळं तर बघायचंसुद्धा नाही. तशी श्रद्धाही मापात असली की मला चालते. चालते कसली, उपयोगी पडते. मी बाबांची मुलगी, हे म्हणताना जीभ जरा अडखळते, पण रोज डोळ्यांसमोर दिसतं त्याला काय करू?

पण माप सुटलं की काय होतं, तेही मी बघितलं.

होळीच्या सुमाराला दादांचा बेड एका मंगळवारी रिकामा. फोन केला. म्हणाले, "कंटाला आयला बाय. तीन वरसा झाली सुया खातंय. आता गावदेवीच्या मनात असल तसा होल." मी समजावलं, ओरडले, त्यांच्या सुनेलाही फोन केला. ती बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, ऐकतच नाहीत, दाराशी खुर्ची टाकून बसलेत. पाय सुजलेत.

गुरुवार. बेड रिकामा. दोन वार झाले. मला देवीचा असा राग आला! आणि जी नाहीच, तिच्यावर रागवायचं तरी कसं? मी सुमनताईंची मशीन लावत होते, एकच चिकटपट्टी दोनदा लावली. ताईंनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. सांगता सांगता रडलेसुद्धा.

ताई म्हणाल्या, "नवस बोला."

"मी? ताई, मी मानत नाही, तुम्हाला माहितीये."

"म्हनून तर बोला! आमी बोललो तर त्यात काय नवल? आमचं रोजचंच रडगानं. तुमचा नवस देवीला बी नवा."

"बरं, त्यांना फोनवर सांगते, बोलले म्हणून."

"आसं खोटं न्हाई चालायचं. हितं बोला, माझ्यासमोर. आन् ते ग्लोव्ह्ज काढा आधी. रबरानं हात जोडत्यात व्हय?"

मी ग्लोव्ह्ज काढले. मशीन नंबर एकसमोर हात जोडले आणि म्हटलं, दादा दिवाळीपर्यंत एकही वार न चुकवता आले तर घणसोलीच्या गावदेवीची ओटी भरीन. प्रधान साहेब दोन नंबरवरून बघत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग दादांना फोन लावला. "दादा, मी तुमच्यासाठी नवस बोललेय. गावदेवीला."

"कोन? तू?"

"हो, मी."

"देव नाय मानीत ती तू?"

"तीच."

पलीकडे खुर्ची करकरली. मग दादा पुटपुटले, "काय बाय तरी! आता तुजा पयलाच नवस, तो मी फुकट घालवू काय?"

अर्ध्या तासात सून त्यांना रिक्षातून घेऊन आली. काट्यावर सहा किलो जास्त, श्वास लागलेला. डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला, चार तासांचे पाच तास केले. जाताना दादा दमलेल्या आवाजात म्हणाले, "शनवारी सातला येतंय."

प्रधान साहेबांनी दोन आठवडे माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दादांना यायला दहा मिनिटं उशीर झाला, तर साहेबच मान वळवून दाराकडे बघत बसलेले. "मॅडम, भोईर कुठे राहिले? जरा फोन करा ना!"

*

दिवाळीपर्यंत दादांनी एक वार चुकवला नाही. पाऊस असो, ताप असो, पुतण्याची हळद असो, सातला काट्यावर हजर. भाऊबीज झाली आणि दादांनी मला तारीख दिली. सुमनताईंनी ओटीचं सामान लिहून दिलं होतं, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. मला पन्नाशीला आल्यावर ओटी कशी भरतात ते शिकावं लागलं.

गावठाणातल्या गल्लीतून, टॉवरच्या सावलीतून दादा मला देवळात घेऊन गेले. पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल, सारखे दम खायला थांबत होते. मी ओटी भरली. खरं सांगू? देवीकडे बघून मला काही वाटलं नाही. दादांकडे बघून वाटलं, फार वाटलं. मार्चमधली ती रिक्षा आठवली आणि डोळे भरून आले.

निघायला वळले, तर दादा पायरीवरून उठेचनात.

"चला ना दादा, झालं की."

"झाला कसा? यो फिटला. आता पुडच्या होलीपरतचा बोल."

मी देवीपुढे उभी राहिले, हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात बोलले.

"बोललीस?"

"बोलले, मनात."

"मनात नको, मोट्यान बोल," दादा म्हणाले. "आईला मनातला कलतं. मना म्हाताऱ्याला नाय कलत."