तणसाच्या बोळ्यातला डायटम

माझा राग नाकावर असतो, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशीचा राग मला अजून टोचतो.

आमच्या चंद्रपूरकडच्या एका गावतळ्यात तीन वर्षांपूर्वी मला होडीच्या आकाराचा एक डायटम दिसला होता. डायटम म्हणजे काचेचं नक्षीदार कवच असलेलं इवलंसं शेवाळ. पाण्यातल्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर असतो ना, त्यात असतात हे. तेव्हा फोटो हलला, आणि पुन्हा काही तो सापडला नाही. मग कळलं, गाळ काढायला तळं रिकामं करून राह्यले. शेवटच्या दिवशी धावतपळत गेलो, पाण्यात उतरून पाच दगड उचलले. पण माझा मायक्रोस्कोप जुना, आरशावर ऊन घेऊन चालणारा, आणि नेमकं आभाळ भरून आलं. त्या तळ्यात मासे धरणाऱ्या एका बाईंच्या अंगणात घमेल्यात पाणी घालून दगड ठेवले. "सांभाळा बाई, उद्या येतो," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तळ्यात नुसता चिखल. आणि अंगणात पाचही दगड रांगेनं वाळत घातलेले, लख्ख. सरांना कॉलेजात न्यायचे, तर असे घाण कसे द्यायचे, म्हणून बाईंनी ते राखेनं घासले होते.

माझं डोकं फिरलं. नाही नाही ते बोललो. "तीन वर्षं वाया घालवली तुम्ही माझी!" शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. मग न्हाणीकडे गेल्या आणि भांडी घासायचा तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, बोळा घेऊन आल्या.

"निघालं ते याच्यातच असन, सर. पिळून पाहा."

चिडतच पिळला. एक थेंब काचेवर घेतला, आरसा उन्हाकडे फिरवला. राख, तणसाचे तुकडे, वाळू, आणि मधोमध तो. आतून रिकामा, पण अख्खा, रेघ न् रेघ दिसत होती. मोबाईल भिंगावर धरून फोटो काढला. हात हलला नाही. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मग बाईंना बोलावलं. एक डोळा मिटून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"राखेनं मेलं का जी हे?"

"मेलं. पण काच टिकते. नीट फोटो पाहिजे तर आम्हीपण ॲसिडात उकळून आतलं सगळं काढूनच टाकतो."

"मंग मी बी तेच केलं ना. मले एवढे बोलले काऊन?"

"चुकलं माझं, बाई," मी म्हणालो. पण ते हळूच म्हणालो, आणि ऐकायला दारात आता कुणीच नव्हतं.