बारा मागांना जागं करणारी ओळ

निवृत्त माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात: औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या बायको फेकून देते. किस्से फेकायचे तर समोर कुणीतरी बसलेलं लागतं, म्हणून तुम्हाला बसवलंय. चहा सांगितलाय.

कचेरीतले किस्से तुम्ही ऐकलेत आणि निम्मे विसरलात, हे तुमचे उपकार. हे निवृत्तीनंतरचे आहेत. ज्या धंद्यातलं मला अजूनही काही कळत नाही, त्या धंद्यातले.

माझा भाचा प्रसाद. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा एक गाळा आहे. टॉवेलच्या यंत्रमागांसाठी इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार होतात तिथं. कुठला धागा कधी उचलायचा हे बोर्ड मागाला सांगतो आणि टॉवेलच्या किनारीवर नक्षी उमटते. बोर्डाला तळहाताएवढा पडदा असतो. मराठीत माहितीपत्रकं लिहायला आणि कुठल्या बोर्डात काय भरलं याची नोंद ठेवायला त्याला माणूस हवा होता. म्हणाला, "मामा, तुमचं अक्षर चांगलंय आणि तुम्हाला दुसरं काम नाही." नेमणुकीचं इतकं स्पष्ट कारण मला सरकारनंही कधी दिलं नव्हतं.

गाळ्यात इंजिनिअर एकच, भाग्यश्री. मंद्रूपची. पहिल्या दिवशी तिनं मला बूटलोडर समजावला. वीज आली की बोर्डात सगळ्यांत आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, तो बूटलोडर. तो मोठ्या प्रोग्रामला उठवतो आणि उठवताना त्याच्या हातात एक ओळ देतो. तुझं सामान कुठल्या कप्प्यात आहे, बोलायचं कुणाशी, थांबायचं किती. ही ओळ म्हणजे कमांड लाइन.

म्हटलं, "म्हणजे आमचा शिपाई. सकाळी कचेरी उघडायची आणि साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवायची."

"व्हय काका. फक्त साहेब चिठ्ठी वाचतोय हितं."

काम अडलं होतं ते अंबादासशेठांपाशी. त्यांच्या कारखान्यातल्या बारा मागांवर आमचे बारा बोर्ड चाचणीला बसवले होते. शेठांची अट एकच: लाईट जाऊन आली की बोर्ड आपला आपण उठला पाहिजे, त्याला उठवायला इंजिनिअर लागता कामा नये. पास झालं तर सगळ्या कारखान्याची ऑर्डर. नापास झालं तर प्रसाद गाळा बंद करणार आणि भाग्यश्री पुण्याला जाणार. तिथल्या कंपनीचं पत्र तिच्या पर्समध्ये महिनाभर पडून होतं. तिला जायचं नव्हतं. मंद्रूपला आई एकटी होती, आणि पुण्याला तिनं काय करायचं हे आईलाही समजत नव्हतं, मलाही.

* * *

पहिला किस्सा माझाच. भाग्यश्रीनं ती ओळ बोर्डात कशी लिहायची ते शिकवलं. मी एकेक अक्षर शोधून लिहिली. बोर्ड झकास चालला. मग लाईट गेली, आली, आणि ओळ गायब!

"काका, सेव्ह केलं न्हाय तुमी."

"लिहिलं की."

"लिहिणं येगळं, सेव्ह करणं येगळं."

मला काही समजेना. आमच्या कचेरीत एकदा लिहिलेलं पुसून मिळावं म्हणून लोक मंगळवेढ्याहून हेलपाटे घालायचे, तरी पुसलं जायचं नाही. इथं लिहिलेलं राहावं म्हणून वेगळी विनंती करायची!

दुसऱ्या दिवशी मी धडा घेतला. प्रत्येक शब्दाला सेव्ह करत गेलो. ओळ निम्मी झाली असेल-नसेल, बायकोचा फोन आला. मी बोलतोय तोवर लाईट गेली. परत आल्यावर बोर्ड अर्ध्या वाक्यावरच उठला आणि मुका झाला.

भाग्यश्रीनं विचारलं, "काका, ह्यात काय भरलंय तुमी?"

म्हटलं, "अजून ठरत होतं."

* * *

मग हत्तीचा घोळ झाला. शेठांना किनारीवर मोराऐवजी हत्ती हवे होते. भाग्यश्रीनं हत्तीचा नवा प्रोग्राम मेमरी कार्डाच्या नव्या कप्प्यात ठेवला. आता ओळीत कप्प्याचा पत्ता तेवढा बदलायचा. बाराही बोर्डांसाठी स्वच्छ ओळ तयार करून देण्याचं काम माझ्याकडे.

दिली. तिनं ती भरली. मागावर मोर.

तिनं हत्ती पुन्हा तपासला. मोर. कार्ड बदललं. मोर. तीन दिवस ती मुलगी हत्ती भरत होती आणि तीन दिवस शेठांच्या कारखान्यातून मोर बाहेर पडत होते. चौथ्या दिवशी तिनं माझी ओळ शांतपणे शेवटपर्यंत वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"काका, ह्यात दोन पत्ते हायत."

"असणारच. जुना कागद काढून टाकायचा नसतो. नवा त्याच्या वर लावायचा. कुठलीही फाइल उघडून बघ, ताजा कागद सगळ्यांत वर."

"ते खरं हाय. पण मशीन पहिल्यापास्नं वाचत जातंय. शेवटी जे वाचलं ते धरून ठेवतंय. तुमी नवं आधी लिवलं न् जुनं मागं."

मी विचारलं, "मग पहिल्या आदेशाचं काय होतं?"

"काय न्हाय. विसरतंय."

हे ऐकून मात्र मला त्या यंत्राबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

* * *

खंडेनवमीला शेठांचा फोन आला. "काय ओ प्रसाद, तुमची बाराच्या बारा मुकी झालीत की!"

प्रसाद, भाग्यश्री आणि मी कारखान्यात पोचलो. बारा पडद्यांवर एकच वाक्य: मेमरी कार्डाची वाट पाहत आहे. आमच्या ओळीत तसं लिहिलंच होतं, कार्ड मिळेपर्यंत थांबावं. किती वेळ ते लिहिलं नव्हतं, म्हणून बोर्ड सकाळपासून थांबले होते. कुठे तक्रार नाही, आरडाओरडा नाही. इतक्या निष्ठेनं वाट पाहणारे मी फक्त आमच्या कचेरीच्या बाकावर पाहिलेत.

कार्डं कुठं आहेत? भाग्यश्रीनं नरसय्यांना विचारलं. नरसय्या म्हणजे तिथले जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करणारा, मागांचा डॉक्टर म्हणा. वय माझ्याएवढं, बोलणं माझ्यापेक्षा कमी.

नरसय्यांनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. पितळी ताटात नखाएवढी बारा कार्डं ओळीनं मांडलेली. प्रत्येकाला हळद, कुंकू, अक्षता. समोर नारळ.

"हत्यारं पुजायची असतात आज," नरसय्या म्हणाले. "बोर्डाचं खरं हत्यार हेच, असं ह्या मॅडमच बोलल्या होत्या."

भाग्यश्री संध्याकाळपर्यंत कार्डांवरची हळद पुसत बसली. एका कार्डाची अक्षता काही केल्या निघेना, ते मला प्रसाद म्हणून मिळालं.

* * *

बोर्ड उठताना पडद्यावर तीन, दोन, एक असं मोजतो. तेवढ्या वेळात कुणी कळ दाबली तर तिथंच थांबतो आणि हुकमाची वाट बघतो. इंजिनिअरला दुरुस्ती करता यावी म्हणून ही सोय. गाळ्यात बोर्ड असा कधीच थांबला नव्हता. कारखान्यात मात्र लाईट जाऊन-येऊन झाली की एखादा तरी थांबलेला सापडायचा.

प्रसाद म्हणाला, "कुणीतरी कळ दाबतंय. मामा, सूचना लिहा."

मी लिहिली: 'कळ दाबू नये.' कामगार बरेचसे तेलुगू बोलणारे, म्हणून नरसय्यांकडून खाली तेलुगूतही लिहून घेतली आणि बाराही मागांवर चिकटवली. आता गंमत अशी, की बोर्डाला कळच नव्हती. कळफलक भाग्यश्रीच्या पिशवीत असायचा. पण सूचना वाचल्यापासून कामगार कळ शोधायला लागले. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, कुटं हाय ती? दाबत न्हाय, नुसती बघतो."

शेवटी भाग्यश्री एक अख्खी दुपार स्टूल टाकून तिथं बसली. तिला दिसलं, की शेजारच्या मागाची मोटर सुरू झाली की हा थांबतो. कळफलक लावायच्या वायरीचं टोक मागं उघडं होतं. मोटरीची विजेची गडबड त्यातून आत शिरायची आणि बोर्डाला वाटायचं, कुणीतरी कळ दाबली.

"कुणी काय बोललं न्हाय, तरी ह्याला ऐकू येतंय काका."

"आमचे एक साहेब होते तसे."

"मग काय केलं त्यांचं?"

"काय करणार? बढती झाली."

* * *

उपाय म्हणून ते तीन सेकंदच काढून टाकायचं ठरलं. शनिवारी भाग्यश्री मंद्रूपला गेली. प्रसादनं स्वतः हात घातला. तिनाचं शून्य केलं. पण शून्य केलं तरी उठता-उठता बोर्ड कान देतोच, हे त्यानं कुठंतरी वाचलं. मग म्हणाला, "मामा, शून्याच्या खाली जाऊ. म्हणजे आणखी लवकर उठेल." मला हे पटलं. इथंच मी सावध व्हायला हवं होतं. त्यानं बाराही बोर्डांत उणे एक भरलं.

सोमवारी शेठांकडे एकही बोर्ड उठला नाही. सगळे ठार जागे, पण हलेनात.

भाग्यश्रीनं कपाळाला हात लावला. "सर, उणे एक म्हंजे, आपलं आपण काय करायचं न्हाय, कुणी सांगंपर्यंत बसून राहायचं. तुमाला उणे दोन पायजे. उणे दोन म्हंजे, थांबायचं न्हाय, कुणाचं ऐकायचं न्हाय, सुटायचं!"

दोन्ही प्रकारच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली मी नोकरी केली. त्यांना क्रमांक असतात हे ठाऊक नव्हतं.

* * *

उणे दोन भरून चाचणीचा दिवस ठरला. शेठ खुर्ची टाकून बसले. मेन स्विच पाडला, चढवला. मी चष्मा लावेपर्यंत बाराही बोर्ड उठून बसले होते. प्रसादनं हात पुढं केला. शेठांनी तो घेतलाच नाही.

"मोजत का नाही हे?"

"शेठ, आता मोजायची गरजच उरली नाही."

"तुमची नसंल ओ. आमची हाय की!"

मग आम्हाला ते कळलं, जे इतके दिवस कुणी सांगितलंच नव्हतं. लाईट गेली की कामगार तुटलेले धागे जोडायला मागात हात घालायचे. लाईट अचानक आली की कुणाच्या तरी बोटांवर यायचं. बोर्ड आले आणि उठताना मोजायला लागले, तसे कामगारही त्यांच्याबरोबर मोठ्यानं मोजायला लागले. मूडु, रेंडु, ओकटि. तेलुगूत तीन, दोन, एक. ओकटि म्हटलं की सगळ्यांचे हात बाहेर. तेव्हापासून कुणाच्या बोटाला लागलं नव्हतं.

"आता हे न सांगता उठतंय," शेठ म्हणाले. "माझ्या माणसांनी बोटं कुठं ठेवायची? गुरुवारी परत बघतो. मोजलं पण पाहिजे, उठलं पण पाहिजे. नाहीतर आपलं सामान घेऊन जावा."

भाग्यश्रीनं तीन सेकंद परत घातले आणि बोर्डाला बहिरं केलं. एक लांबलचक गुप्त शब्द टाइप केला तरच थांबायचं, बाकी काही मनावर घ्यायचं नाही. "आता मोजंल, पण कुणाचं ऐकणार न्हाय," ती मला म्हणाली. पुण्याचं पत्र तिनं पर्समधून काढून परत ठेवलं. उत्तर द्यायची मुदत शुक्रवारची होती.

गुरुवारी स्विच पाडला. शेड एकदम शांत झाली. स्विच चढवला. बारा पडद्यांवर तीन उमटलं आणि अख्खी शेड ओरडली, "मूडु! रेंडु! ओकटि!" सगळे हात बाहेर आले. अकरा बोर्ड उठले.

बारावा, भिंतीकडचा, एकावर थांबला.

भाग्यश्रीचा हात पिशवीतल्या कळफलकाकडे गेला. शेठांनी तर्जनी वर केली. त्यांची अट होती, इंजिनिअर लागता कामा नये. ती जिथल्या तिथं उभी राहिली. प्रसाद छताकडे बघायला लागला. मी काय करावं ते मला सुचेना, म्हणून मीही छताकडे बघितलं.

नरसय्या जागचे उठले. सावकाश भिंतीपर्यंत गेले, धोतराला हात पुसले, पडद्यावर वाकले आणि शाळेला उशीर करणाऱ्या नातवाला हाक मारावी तसे खेकसले, "ए, रा की!"

रा म्हणजे तेलुगूत ये. की आपलं, सोलापूरचं.

बोर्ड उठला. माग खडखडला. किनारीवर हत्ती चालायला लागले.

शेठांनी खिशातून पेन काढलं. "द्या तो ऑर्डरचा कागद."

"शेठ, थांबा!" भाग्यश्री पुढं आली. "त्याला ऐकू येत न्हाय. मी सोता बंद केलंय त्याचं ऐकणं. ते कशानं उठलं ते मला आधी बघू द्या."

शेठ सही करत म्हणाले, "बघा की निवांत. आता हितंच हाय की तुमी."