लाटण्याची काडी

निवृत्तीनंतर लेथवर लाकूड कातायला शिकायचं ठरवलं आणि पहिल्याच दिवशी बायकोचं लाटणं बिघडवलं. नेलं होतं नमुना म्हणून. जरा गुळगुळीत करावं म्हणून तेच मशीनवर चढवलं. एक बाजू बारीक झाली म्हणून दुसरी कातली, मग पुन्हा पहिली. शेवटी हातात काडी उरली. आता घरी काय तोंड दाखवायचं?

निपाणीतल्या ज्या सुताराच्या शेडमध्ये शिकायला जायला लागलो, तिथं शेजारच्या लेथवर एक गृहस्थ होते, तंबाखूच्या वखारीतून निवृत्त झालेले. मफलर शर्टात खोचून ते कातत, मध्येच मशीन थांबवून एक सालपट उचलत, तंबाखू पारखावी तसा वास घेत आणि मान हलवून पुन्हा सुरू करत. दुपारपर्यंत त्यांच्याही लाकडाची काडी झाली. मला लई धीर आला.

“काय करत होता, अण्णा?”

“काय न्हाय.”

“म्हणजे बिघडलं?”

“काय करायचंच नव्हतं, तर बिघडंल कसं? घरात बसलं की बायको इचारती, काय कराय लागलाय? हितं कोण इचारत न्हाय. तुम्हीच पहिले.”

ते हसले की रागावले, कळलं नाही. मी शिकायला आलो होतो की घरातून पळायला, तेही कळेना.

संध्याकाळी ती काडी बायकोपुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. तिनं काडी उलटसुलट करून बघितली.

“उद्या परत जावा,” ती म्हणाली. “काय केलंसा म्हणून मी विचारणार न्हाय. येताना बाजारातनं लाटणं तेवढं आणा.”