शिकागोला पोचेपर्यंत केर नाही

आमच्या त्र्यावना गावात दोंकाच्या घरी जायचं म्हणजे लोक आधी आपले बूट निरखून घेतात. शाळेची साफसफाई करण्यात तिची हयात गेली, पण घरी आल्यावरही हातातली केरसुणी सुटली नाही. दुसऱ्याच्या घरी गेली तरी खुर्चीखाली वाकून बघायची तिला खोड आहे, आणि त्याचा सगळ्यांनाच वैताग येतो.

पण घरातलं माणूस प्रवासाला निघालं की हीच बाई केरसुणी दाराआड ठेवते. जाणारा मुक्कामी पोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही, काढला तर तो परतत नाही, असं आमच्याकडे सगळेच मानतात. दोंका जरा जास्तच मानते. तरुणपणी तिचा भाऊ पेन्यो कामाला लिबियात गेला, आणि हिनं त्याच संध्याकाळी घर झाडलं. तो तिकडेच रमला, आईच्या मातीलाही आला नाही. दोंकानं भावाला कधी दोष दिला नाही, स्वतःला दिला.

आता मुलगी इस्क्रा नोकरीसाठी शिकागोला निघाली. "येईन गं परत," म्हणाली, पण सगळेच तसं म्हणतात. विमानतळासाठी सोफियाला जाणारी बस हलल्यावर दोंकानं नवऱ्याला विचारलं, "मिंचो, किती लांब आहे रे हे शिकागो?"

जन्मभर बस चालवलेल्या मिंचोनं फोनवर बघितलं. "सोफियाहून आठ हजार किलोमीटरच्या वर. विमानानं अकरा तास."

"एवढंच?" दोंकाला हायसं वाटलं.

निरोपाला आलेल्यांनी चीज भरलेल्या खुसखुशीत बानित्साचा चुरा गालिचाभर सांडला होता. दोंकानं कसाबसा धीर धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा तास भरल्याबरोबर तिनं सगळं लख्ख झाडून काढलं. सुपली डब्यात रिकामी करतेय तोच फोन वाजला.

"आई, मी अजून व्हिएन्नातच आहे. सरळ विमान नसतंच गं. पहिलं उशिरा पोचलं, म्हणून पुढचं चुकलं. आत्ता कुठे दुसऱ्यात बसतेय."

फोन ठेवून दोंका तडक डब्याकडे गेली आणि ओंजळीनं केर पुन्हा गालिचावर पसरू लागली.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का?" मिंचो हसत सुटला. "फोनवर नुसतं उडण्याचं सांगतात. ताटकळण्याचे तास त्यात कोण धरतं?"

"मग आधी बोलायला काय धाड भरली होती?" म्हणता म्हणता दोंकाला रडू फुटलं. मिंचोचं हसू विरलं. तो खाली बसला आणि चुरा खुर्च्यांखालीही सारू लागला.

संध्याकाळी इस्क्राचा फोन आला. विमान उतरलं होतं, ती सामानासाठी थांबली होती. दोंकानं देवाचे आभार मानले, केरसुणी उचलली आणि तशीच उभी राहिली. पोरगी पोचली, म्हणजे आता खरंच गेली. इतका वेळ ती निदान वाटेवर तरी होती.

"मिंचो, झाडू का रे?"

मिंचोनं तिच्याकडे बघितलं आणि केरसुणी हळूच तिच्या हातातून काढून घेतली.

"थांब गं. बस स्टँडला लागली म्हणजे उतारू घरी पोचला, असं होतं का? तिकडचे रस्ते लांबलचक असतात. उद्या बघू."