कामिनीचं पळणं

आमच्या गल्लीतली कामिनी हल्ली दिवसभर ओट्यावर बसून असते. येणारा-जाणारा हाक मारतो, ती हसल्यासारखं करते. मला ते बघवत नाही. याच पोरीला मी केळीच्या बागांमधून पळताना पाहिलं आहे.

कॉलेजात गेली तेव्हा ती चांगलीच फुगली होती. पाळी महिनोन्महिने यायची नाही, हनुवटीवर केस, जिना चढला की धाप. तिची आई प्रमिलाबाई सगळे उपासतापास करून झाल्यावर तिला भुसावळच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई म्हणाल्या, "गोळ्या देते, पण खरं काम व्यायामानंच होईल. रोज घाम निघेपर्यंत भरभर चाल, जमेल तशी पळ. आणि सोडायचं नाही."

फैजपुरात केळी भरायला गाड्या निघायच्या आधी ती बाहेर पडायची. सुरुवातीला लोकांनी खुशाल दात काढले. तिचे वडील जीवरामभाऊ मोटारसायकलवर हळूहळू मागून जायचे, म्हणून कोणी फार बोललं नाही. वर्ष सरता सरता पोरगी ओळखू येईना. पाळी वेळेवर, धाप गेली, झोप शांत. मुख्य म्हणजे घुमी पोरगी बोलकी झाली, गल्लीभर तिचाच आवाज.

मग सोनगीरचं स्थळ आलं. मुलगा हितेंद्र साधा होता, त्याची आई सुंदरबाई फटकळ पण मायाळू. पाहायच्या कार्यक्रमात कोणीतरी विचारलं, मुलगी पळते म्हणे? प्रमिलाबाई चटकन म्हणाली, "कॉलेजातला शौक हो, दुसरं काय!"

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, सांगून टाक की खरं, बरी झालीय पोरगी, त्यात लपवायचं काय? ती माझ्यावरच उखडली. "अक्का, तुम्ही गप बसा. पाळीचं दुखणं सांगितलं की स्थळ मोडलंच समजा." कामिनीला तर तिनं स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. मुलीचं दुखणं झाकायची आमच्याकडे अशी काही सवय, की बरं झालेलंही झाकतात.

सासरी ती दोन-चार सकाळी पळायला गेली. सुंदरबाईनं थांबवलं. हायवेवर ट्रक, गावात चघळायला विषय, नको तो शौक. सासू वाईट नव्हती हे मी मुद्दाम सांगते. शौक म्हटल्यावर कोण कशाला जपेल? कामिनी शपथेला बांधलेली. ती नवऱ्यालाही बोलली नाही.

अंग पुन्हा भरत गेलं, पाळी चुकली, आणि घरात आनंदीआनंद झाला. सुंदरबाईनं सुनेला पाटावरून उठू दिलं नाही. डिंकाचे लाडू काय, तूप काय! दृष्ट लागेल म्हणून दवाखानाही पुढे ढकलला. कामिनीला शंका होती. तिनं आईला फोन केला, तर आई म्हणाली, "असेलही, देव पावला असेल. थांब." पोरगी थांबली. तिलाही ते खरंच हवं होतं.

धुळ्याच्या दवाखान्यात कळलं, पोटात काही नाही. रक्तात साखर मात्र वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, हा त्रास आधी होता का? तेव्हा कामिनीनं सासूसमोर रडत सगळं सांगितलं.

प्रमिलाबाईबरोबर मीही सोनगीरला गेले. सुंदरबाई भांडली असती तर बरं झालं असतं. पोरीचं औषधच आपण बंद केलं म्हणून ती नुसती रडत होती. "ते तिनं औषध व्हतं, आनि तुम्हीन माले शौक सांगा? मी तिले बसाडी बसाडी खावाडं वं माय!" हितेंद्रनं मान वर केली नाही. बरी होईपर्यंत घेऊन जा, असं सासरचे म्हणाले. आणायला कधी येणार, ते कोणी बोललं नाही. हितेंद्रचा फोनही येत नाही.

आता प्रमिलाबाई रोज सकाळी पोरीच्या उशाशी बसते. "ऊठ माझी बाई, पळायला जा." परवा मी दूध द्यायला गेले होते. कामिनी पडल्या पडल्याच म्हणाली, "लोकं इचारतीन ना आई, सासर सोडून इथं का पयते म्हणून. त्याह्यले काय सांगू?"

प्रमिलाबाई माझ्याकडे बघत राहिली. खरं ते सांग, एवढंच तिनं पोरीला म्हणायचं होतं. तिला ते अजूनही म्हणता आलं नाही.